एका जागेचा बाक

बाक शुक्रवारी तयार झाला आणि रविवारी दुपारपर्यंत घरातल्या सगळ्यांचं त्याचं कौतुक करून झालं होतं. आता नवीन काही सुचत नव्हतं, म्हणून काका जुनंच पुन्हा म्हणत होते.

"हात फिरव. कुठे लागतंय का बघ."

बाबांनी हात फिरवला. कुठेही लागत नव्हतं. लागणार कसं, पॉलिश त्यांनीच केलेलं. पण थोरल्या भावानं हात फिरव म्हटलं की फिरवायचा, ही त्यांची एकवीस वर्षांची नोकरी होती आणि त्यात बढती मिळायची चिन्हं नव्हती.

"नाही लागत, दादा."

"लागणारच नाही."

शाळेचा शिपाई पंधरा दिवसांपूर्वी चिठ्ठी घेऊन आला होता. बाक एक, जागा एकाच मुलाची. बैठकीची उंची तेरा इंच, वरची फळी साडेबावीस, रुंदी अठरा. मजबूत हवा, पण हलवायला सोपा. आजोबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि भारावून गेले. चाळीस वर्षं या शाळेचं लाकूडकाम त्यांच्याच कारखान्यात होत होतं, आणि इतक्या वर्षांत शाळेनं 'मुलांना बसता येईल असे' यापलीकडे कधी माप कळवलं नव्हतं.

"कुणीतरी नीट टेप लावून घेतलंय," ते म्हणाले होते. "गुडघ्याचं वेगळं, कोपराचं वेगळं. शिकलेलं माणूस दिसतंय."

एकाच जागेचा बाक कशाला, यावर घरात दोन दिवस खल झाला. शेवटी काकांनी निकाल दिला. कुठल्या तरी साहेबाचं कार्टं शाळेत येणार असेल. लाडावलेलं. शेजारी कुणी चालत नसेल त्याला. मग साहेबाच्या कार्ट्याला शोभेल असं काम व्हायला नको? चारही कोपरे गोल केले. पेन्सिलीची खाच अर्धा इंच जास्त खोल घेतली. साधं लाकूड बाजूला सारून सागवान काढलं. काकूंनी तर वरून निरोप पाठवला होता, "पाचर, तुझ्या आजोबांना विचार, बैठकीला गादी शिवून देऊ का?"

पाचर म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, वय नऊ. सुताराच्या घरात ढिल्या सांध्यात ठोकतात ती लाकडाची चिप जशी असते, तशी बारीक आणि कुठेही शिरणारी. शिवाय जिन्याखालच्या खोलीवरून तिची आई आणि काकू यांचं जे बिनसलं होतं, त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. दोघी एकमेकींशी फक्त पाचरीमार्फत बोलायच्या. एका स्वयंपाकघरात, चार हातांच्या अंतरावर उभ्या राहून. "पाचर, तुझ्या काकूला सांग मीठ झालंय." "पाचर, तुझ्या आईला सांग मला दिसतंय." पाचर शाळेत गेली की घरात शांतता असायची आणि भाजीत मीठ दोनदा पडायचं.

आणि कारखान्याचा एक नियम होता, आजोबांचा. बसायची कुठलीही वस्तू, कुणीतरी बसून बघितल्याशिवाय बाहेर जायची नाही. म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांवर आजोबा बसत, जड माणसांच्या खुर्च्यांवर काका आणि शाळेच्या बाकांवर पाचर.

शुक्रवारीही ती बसली होती. सगळे गोल करून उभे. काका गुडघ्यावर बसले, तिच्या गुडघ्यामागे दोन बोटं सरकवून बघितली.

"पाय पूर्ण टेकले?"

"टेकले."

"टोचतंय का इथे?"

"नाही."

"हात ठेव. खांदे वर जातायत का? नाही जात. अप्पा, बघा! अगदी हिच्यासाठीच केल्यासारखा!"

सगळे हसले होते. बाबासुद्धा, आणि बाबा वर्षातून मोजून हसायचे.

*

आई जिना उतरून कारखान्यात आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. ती दप्तर धुवायला बसली होती. दप्तराच्या तळाशी, पाटीच्या तुकड्यांच्या आणि एका सुकलेल्या फुलाच्या खाली, आठ घड्या घातलेला कागद निघाला होता. कागदावर शाळेचा शिक्का होता आणि तारीख गेल्या शनिवारची.

ती तडक बाकाकडे गेली, तिथे पडलेला टेप उचलला आणि बैठक मोजली. तेरा. मग वरची फळी मोजली. मग कारखान्याच्या दाराच्या चौकटीकडे गेली. तिथे घरातल्या पोरांच्या उंच्या पेन्सिलीनं लिहिलेल्या असत. पाचरीची तर आजोबा गुडघ्याचीही लिहून ठेवत, बाक करताना उपयोगी पडते म्हणून. गुडघ्याची सगळ्यात ताजी रेघ तेरा इंचांवर होती.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"वाचते," आई म्हणाली. "'आपल्या पाल्याच्या सोयीसाठी वर्गात स्वतंत्र आसनव्यवस्था करण्यात येत आहे. सदर व्यवस्था पालकांच्याच विनंतीवरून होत आहे, अशी सही करून हा कागद पुढील सोमवारी पाठवावा. सही न आल्यास पाल्यास वर्गात बसवणे अडचणीचे होईल.'"

 काकांच्या हातातलं फडकं अजून गोल गोल फिरत होतं, त्याला बातमी उशिरा कळली.

"अजून आहे," आई म्हणाली. "'आसन आपल्याच कारखान्यात तयार होत असल्याने आपली हरकत नसावी, असे गृहीत धरले आहे.'"

बाबांनी बाकावरचा हात चटका बसल्यासारखा काढला.

पाचर पायरीवर उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि ती मात्र आईच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. फार घड्या घालूनही एखादी गोष्ट तेवढीच मोठी राहते, हे तिला नुकतंच कळत होतं.

"माप कुणी घेतलं तुझं?" आजोबांनी विचारलं.

"बाईंनी."

"कुठे?"

"वर्गात. फळ्याजवळ उभं करून."

"सगळ्यांसमोर?"

"हो. त्यांना घेता येत नव्हतं. टेप उलटा धरला होता. मग मी सांगितलं, बाई, गुडघ्याचं माप चप्पल काढून घेतात. पाय सपाट ठेवून." ती थांबली. "मग बरोबर आलं."

आजोबा स्टुलावर बसले. पंधरा दिवस ते त्या शिकलेल्या माणसाचं कौतुक करत होते.

"पण का?" बाबा म्हणाले. "काही मस्ती केलीस का?"

"माझ्या शेजारी बसतो ना, त्याची आई आली होती. ती म्हणाली, त्याला दुसरीकडे बसवा. मग दुसऱ्याची आई आली. मग बाई मला म्हणाल्या, तुमच्यातली प्रार्थना वेगळी असते, तर तुला वेगळं बसलेलंच बरं वाटेल. मी म्हटलं, मी गणिताच्या तासाला प्रार्थना करत नाही."

"मग?"

"मग म्हणाल्या, उलट बोलू नकोस."

आई तिच्यासमोर उकिडवी बसली. "अगं, शुक्रवारी तू बसलीस त्यावर. सगळे होतो आम्ही. बोलली का नाहीस?"

पाचरीनं खरंच विचार केला. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते कुणाला लागेल का, हे ती बघत होती.

"तुम्ही सगळे इतके खूश होतात," ती म्हणाली. "आणि काकांनी एवढंच विचारलं की टोचतंय का. टोचत नव्हतं."

*

जेवणं झाली नाहीत. ताटं वर वाढलेलीच राहिली, आणि सगळे खाली, भुशात, त्या बाकाभोवती. कुणीही त्याच्यावर बसलं नाही. बाकीचे उभे, आजोबा स्टुलावर आणि मधे एक उत्तम आसन रिकामं.

"सही करून टाकू," काका म्हणाले.

आईनं मान वर केली. "भाऊजी?"

"नाहीतर काय करणार? पलीकडच्या शाळेनं आपल्यातल्या एकाही पोराला घेतलं नाही या वर्षी. पहिल्याच दिवशी म्हणाले, जागा भरल्या. इथे आपली घरं अकरा. अकरा घरं मिळून काय मोर्चा काढणार? चौकात पोचेपर्यंत लोकांना वाटेल सहल निघालीय."

"म्हणून मी लिहून द्यायचं? की माझ्या मुलीला सगळ्यांपासून लांब बसवा, अशी माझी विनंती आहे?"

"कागद आहे तो. कागदाला काय कळतं."

"तिला कळतं!"

"तिला शिकायला मिळेल ना पण! बाक मागे असला म्हणून काय, फळा तोच. आणि बाक बघा ना कसा आहे. सागवान! अख्ख्या शाळेत कुणाकडे सागवान नाही. हेडबाईंच्या खुर्चीलासुद्धा साधं लाकूड आहे, मला माहीत आहे, मीच घातलंय."

"दादा," बाबा म्हणाले.

"काय दादा?"

 बाबा पॉलिशवाले होते. वस्तू तयार झाल्यावर त्यांचं काम सुरू व्हायचं. त्याच्या आधी मत विचारायची पद्धत नव्हती.

"तुम्हाला काय वाटतं हो?" आई त्यांच्याकडे वळली. "तुमची मुलगी आहे."

"मी..." बाबांनी हात बघितले. नखांत अजून पॉलिश होतं. "मी तीन हात दिले गं त्याला. साहेबाच्या पोराचा म्हणून."

काका हसले. त्यांना असं भलत्या वेळी हसायची सवय होती. आजीच्या अंत्ययात्रेतही हसले होते आणि त्यावरून आत्या सहा महिने बोलली नव्हती.

"मी सांगू?" ते म्हणाले. "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. ही प्रगती आहे. माझ्या वेळी तर बाकच नव्हता. पोत्यावर बसायचो मी, त्याच शाळेत. दाराजवळ. वारा काय मस्त यायचा."

काकू इतका वेळ जिन्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोत्यावर?"

"हो. चौथीपर्यंत. मग मी शाळाच सोडली."

"अहो, पण शाळेचे बाक तर अप्पांनीच केले ना? हे घर त्याच कामावर बांधलं ना?" सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यापासून काकूंनी अप्पांनी शाळेला दोनशे बाक करून दिल्याची कथा निदान दोनशे वेळा ऐकली होती.

"अप्पांनीच. आमच्या वर्गाला सोळा केले. दोन-दोन जागांचे. म्हणजे बत्तीस पोरं."

"मग?"

"वर्गात आम्ही तेहतीस होतो."

आजोबा कानामागची पेन्सिल काढून तासत बसले होते. टोक केव्हाच झालं होतं.

काकूंना एकदम काय काय दिसलं. हा माणूस रोज जेवायला दाराशीच बसतो. लग्नाच्या पंगतीत पहिल्या ओळीत पान मांडलं तर उठून दाराजवळ जातो. जगाला खुर्च्या पुरवतो आणि स्वतः काम करताना पोतं अंथरून जमिनीवर बसतो. सव्वीस वर्षं त्या समजत होत्या, ह्यांना गरम फार होतं. शाळेचे मोडके बाक दुरुस्त करायचे असले की हा बाहेरूनच ओरडतो, 'व्हरांड्यात आणून ठेवा, मी आत येत नाही, पाय मळलेत.' पाय कधीच मळलेले नसत.

"अप्पा," काका मजेत म्हणाले, "मी कधी विचारलं नाही. पण तुम्हाला पट माहीत होता ना?"

"ऑर्डर सोळाची होती," आजोबा म्हणाले.

"हो, ते बरोबरच."

"विचारलं मी हेडमास्तरांना. म्हटलं, तेहतीस आहेत ना? ते म्हणाले, सोळा पुरतील." पेन्सिलीचं टोक मोडलं. "मी म्हटलं, बरं."

"बरं," काका म्हणाले.

"पहिलंच मोठं काम होतं. तुझी आई आजारी. मी म्हटलं, बरं." आजोबांनी माळ्याकडे बोट केलं. "सतराव्याच्या फळ्या कापल्या होत्या मी."

माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेल्या दोन फळ्या होत्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता. एका गिऱ्हाइकाला दिवाणासाठी द्यायला निघाले तेव्हा आजोबांनी दोन दिवस जेवण टाकलं होतं. म्हाताऱ्याचा जीव लाकडात अडकलाय, असं सगळे म्हणत. ते बरोबर होतं, फक्त कशात ते कुणाला माहीत नव्हतं.

 मग काकू खाली उतरल्या, सरळ आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि पाचरीला मधे न घेता म्हणाल्या, "सही करू नकोस."

आईला उत्तर द्यायला वेळ लागला. चार वर्षांचा सराव मोडायचा होता.

"नाही करणार, वहिनी."

"आणि उद्या दारातून परत पाठवली तर?" काका म्हणाले. आता ते हसत नव्हते. "मी शाळा सोडली तेव्हा कुणी विचारायला आलं नाही. एकसुद्धा माणूस नाही. तिथे जागा रिकामी झाली हेसुद्धा कुणाला कळलं नाही, कारण जागा नव्हतीच. हिचं तसं होईल. मला ते नकोय. मागे बसू दे, कोपऱ्यात बसू दे, पण हजेरीत नाव राहू दे हिचं. म्हणून म्हणतोय मी. मला काय हौस आहे?"

हे त्यांचं अख्ख्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं होतं, ज्यात एकही विनोद नव्हता. स्वतःलाच ते जड झालं असावं. ते बाकाकडे गेले आणि पायानं हलकेच ढकलून बघितला. हलला नाही.

"मी एक पाय आखूड करू का याचा?" ते म्हणाले. "डुगडुगला की परत पाठवतील."

करवत घेऊन खालीही वाकले. पेन्सिलीची रेघ मारली. मग तसेच राहिले. घरात तीन सुतार होते आणि तिघांपैकी एकाच्याही हाताला वाकडं काम येत नव्हतं. काकांनी करवत बाबांकडे दिली, बाबांनी आजोबांकडे, आजोबांनी ती जागेवर टांगून ठेवली.

"माळ्यावरच्या फळ्या काढ," आजोबा बाबांना म्हणाले.

"अप्पा?"

"छत्तीस इंच आहेत. याची बैठक काढ, वरची फळी काढ. पाय तेच राहू देत, मधे एक वाढव. दोन जागांचा होतो."

"ऑर्डर एका जागेची आहे," काका म्हणाले.

"हो," आजोबा म्हणाले. "ठाऊक आहे मला ऑर्डर म्हणजे काय ते."

पाचरीनं पायरीवरून विचारलं, "पण माझ्या शेजारी बसणार कोण?"

 बाबा शिडी आणायला गेले.

*

सोमवारी सकाळी बाक काका आणि बाबांनी उचलून नेला. पाचर पुढे, दप्तर अजून दमट. बिनसहीचा कागद काकांच्या खिशात, नऊ घड्यांचा. नववी त्यांनी घातली होती.

वर्गाच्या दाराशी काका थांबले. बाबांना वाटलं, आता म्हणतील पाय मळलेत. काकांनी खाली बघितलं, चपला काढल्या आणि आत गेले.

वर्गबाई तरुण होत्या आणि रात्री नीट झोपलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी मागच्या बाजूला, दाराजवळ बोट दाखवलं. जागा काकांना माहीत होती. फरशीचा तिथला तुकडा तेव्हाही फुटका होता.

"ऑर्डर एका जागेची होती ना?" बाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"हा दोन जागांचा आहे."

"हो."

"सही आणलीत?"

"नाही."

बाईंनी दाराबाहेर बघितलं, मग पाचरीकडे, मग हजेरीच्या वहीकडे. "मी काय करू सांगा," त्या म्हणाल्या. "मला वरून सांगतात. मी फक्त माप घेतलं."

"चांगलं घेतलंत," काका म्हणाले.

पाचर बसली. पुढचे सगळे बाक मागे वळून बघत होते. दुसरी जागा तिच्या शेजारी रिकामी होती आणि दोन जागांच्या बाकावर एकटं बसलेलं मूल एका जागेच्या बाकापेक्षा जास्त एकटं दिसतं, हे आदल्या दिवशी कारखान्यात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. काकांच्या आत्ता लक्षात आलं.

ते बसले. बावन्न वर्षांचा, ऐंशी किलोचा माणूस, तेरा इंच उंचीच्या बैठकीवर. गुडघे फळीच्याही वर आले.

"अहो काका, असं नाही बसता येणार."

"आमचा नियम आहे, बाई. कुणीतरी बसून बघितल्याशिवाय माल सोडत नाही आम्ही."

"मग किती वेळ बसणार?"

"ते बाकावर आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी एका मुलाला हेडबाईंकडे पाठवलं आणि दुसरं काहीच करता येत नसल्यानं हजेरी घ्यायला लागल्या. बाबा दारात उभेच. पाचरीचं नाव आलं. ती "हजर" म्हणाली, जरा मोठ्यानं. शेवटचं नाव झालं, बाईंनी वही मिटली. काकांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण आवाज आला नाही.

पाचरीनं गणिताची वही सरकवून दोघांच्या मधे ठेवली.

"काका, तुमचे गुडघे बसत नाहीयेत."

"माप जुनं आहे."

"उद्या कोण बसणार इथे?"

"उद्या तुझे बाबा. परवा काकू, तिचं वजन जास्त आहे, बाकाची परीक्षा होईल."

"आणि मग?"

व्हरांड्यात टाचांचा आवाज आला. लांबून, ठाम, जवळ येत जाणारा. बाबा दारातून बाजूला झाले नाहीत. काकांनी अंगठा फळीखाली नेला, जिथे चाळीस वर्षांपूर्वीचं लाकूड नव्या पायात बसवलं होतं, आणि जोर लावून दाबून बघितलं.

सांधा घट्ट होता. पोरीला खात्रीनं सांगता येईल अशी तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, आणि ती तिनं विचारली नव्हती.